भाड्यात हप्ता सुटतो? आधी हिशेब करा!

'दुसरा फ्लॅट घ्या, भाड्यातून हप्ता सुटेल!' मंडळी, ही थाप आता बास. २४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता सुमारे २०,८०० रुपये. आपल्या गावात तोच टू-बीएचके ८ हजारांनी जातो. वरचे १२,८०० कोण भरणार, बिल्डर? शिवाय मेंटेनन्स, घरपट्टी आणि घर रिकामं पडलेले महिने वेगळेच. मुद्रांक शुल्कही बहुतेकदा खिशातूनच.

पोरांच्या शिक्षणाची एफडी मोडून बुकिंग करायला निघालेल्यांनो, आधी महारेरा नंबर तपासा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूला खरं भाडं विचारा. भाडेकरार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, हेही ध्यानात ठेवा. हिशेब जुळत नसेल तर सरळ 'नको' म्हणा. एजंटचं काय, त्याचं कमिशन पहिल्याच दिवशी सुटतं!