पावसाचा जुना केसपेपर

पहिला मोठा पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की सरकारी रुग्णालयातली ओपीडीची रांग बदलते. चिखलात राबणारे शेतकरी, तुंबलेल्या पाण्यातून कामावर गेलेली माणसे ताप, अंगदुखी आणि लाल डोळे घेऊन येतात. आधी लेप्टोस्पायरोसिस, मागोमाग मलेरिया आणि डेंग्यू. माझ्या नोकरीत हा क्रम फारसा चुकलेला नाही. तरीही पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या बैठकीत खाटा आणि औषधे ठरतात ती बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून.

रुग्णाच्या बाबतीत आपण असे करत नाही. आजचा ताप बघतोच, पण जुना केसपेपरही मागतो. पावसाचाही असा केसपेपर आहे. तो समुद्राच्या तळाशी आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. पर्जन्यमापकाच्या सलग नोंदी आपल्याकडे जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्याआधीचे कळते ते फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जिवांमुळे. वाळूच्या कणाएवढे हे जीव चुन्याचे कवच बांधतात. मेल्यावर कवच तळाला जाते आणि गाळाच्या थरावर थर साचतात. जहाजावरून लांब नळी खुपसून हा गाळ वर काढतात, कार्बन पद्धतीने थरांचे वय ठरवतात आणि कवचे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हे काम अनेक वर्षे चालू आहे.

कवचातून पाऊस कसा कळतो? नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलातले थंड, पोषक पाणी वर येते. त्या पाण्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइड्स’ ही जात भरभराटीला येते. ज्या थरात तिची कवचे जास्त, तो काळ जोरदार वाऱ्यांचा. दुसरी खूण ऑक्सिजनची. पावसाच्या आणि नद्यांच्या पाण्यात हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असते. नद्या भरून वाहिल्या की ती खूण कवचात उतरते.

ओमानजवळच्या अशाच गाळावरून अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गेल्या सुमारे ११ हजार वर्षांचा आलेख मांडला. त्यात मोसमी वारे अनेकदा अचानक मंदावलेले दिसतात, आणि तेही उत्तर अटलांटिक गारठलेला असताना. सिंधूच्या मुखाबाहेरच्या गाळात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी नदीचे पाणी घटल्याची खूण आहे. त्यानंतरच्या काळात सिंधू संस्कृतीची मोठी शहरे ओस पडत गेली. दोष एकट्या पावसाचा होता का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरातून नऊ लाख वर्षांचा इतिहास पुढे आला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यानंतर मोसमी पाऊस वाढत गेला, असे तो सांगतो. आज तो वायू आपणच वाढवतो आहोत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. गाळाचा एक नमुना अनेक वर्षांचा, कधी शतकाचा हिशेब एकत्र देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. तो एक दिवस कवचांत शोधून सापडणार नाही. येत्या जुलैचा अंदाजही ती देणार नाहीत. पण आपण ज्याला ‘नेहमीचा पाऊस’ म्हणतो तो किती बदलू शकतो, हे मात्र ती सांगतात.

म्हणून मला सरासरीची धास्ती वाटते. देशाच्या मोसमी पावसाची आजची सरासरी ८७ सेंटीमीटर, ती १९७१ ते २०२० या ५० वर्षांवरून काढलेली. हजारो वर्षांच्या केसपेपरवरची ही फक्त शेवटची ओळ. शिवाय सरासरी गाठलेल्या वर्षातही एक जिल्हा बुडतो आणि दुसरा टँकरवर जगतो. वॉर्डातल्या सगळ्यांच्या तापाची सरासरी काढून कोणी उपचार करत नाही.

आरोग्य खात्याने, पालिकांनी आणि जिल्हा प्रशासनाने तयारीच्या तक्त्यात सरासरीशेजारी आणखी दोन रकाने ठेवावेत: पाऊस अतोनात झाला तर आणि पाऊस रुसला तर. पहिल्यात डॉक्सिसायक्लिनचा साठा, डायलिसिसची सोय आणि रस्ता तुटलेल्या गावांपर्यंत पोहोचणारी पथके. दुसऱ्यात विहिरींच्या पाण्याची तपासणी, जुलाबाची औषधे आणि मुलांचे पोषण. यातले बरेचसे साहित्य आपल्याकडे असतेच. अनेकदा ते रुग्ण आल्यानंतर पोहोचते, आणि लेप्टोत दोन दिवसांचा उशीरही मूत्रपिंडाला महागात पडतो.