पुलाचा ग्रेडर कोण?



कापसात बारा टक्क्यांहून जास्त ओल निघाली, की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत फिरते. माल आपला, पारख दुसऱ्याची. सरकारच्या स्वतःच्या मालाला ही कसोटी लागते का?

रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती. धोका नाही, असा निर्वाळा मिळाला होता. पूल सांभाळणारे बांधकाम खाते आणि तपासणारेही तेच! नवा पूल मात्र जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे पैसा होता, कामाची ताकद होती. नव्हती ती खरी पारख.

आपली ज्वारी बाजाराला आणि पोरे शाळेला जातात, तीही अशाच पुलांवरून. तेव्हा मागणी सरळ आहे : पुलाची तपासणी त्रयस्थाने करावी, आणि तारीख, शेरा, अधिकाऱ्याचे नाव पुलावरच्या पाटीवर लिहावे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा हिशेब मागा.