पंधरा दिवसांचा हिशेब

नाशिकच्या सातपूर वा अंबड औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे एकाच कारखान्यात राबलेला कामगार वयाच्या पंचेचाळीस-सेहेचाळिसाव्या वर्षी कपातीत सापडून फाटकाबाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हाती हिशेबाचा एक कागद पडतो. त्यात भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, शिल्लक रजेचे पैसे असतात. ही सारी त्याचीच मागे राहिलेली कमाई होय. नोकरी गेल्याबद्दल म्हणून कायद्याने जे वेगळे देणे लागते ते एवढेच : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. वीस वर्षांचे तीनशे दिवस, म्हणजे दहा महिने. एका पारड्यात उमेदीची वीस वर्षे आणि दुसऱ्यात दहा महिन्यांचा घरखर्च, असा हा तराजू आहे.

पंधरा दिवसांचा हा दर औद्योगिक कलह कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने आला. त्या काळी ते पुढचे पाऊल होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर देशातील उत्पादन किती पटींनी वाढले, कामगाराची उत्पादकता कोठल्या कोठे गेली, आणि तरीही हा आकडा जागचा हलला नाही. संसदेने २०२० साली संमत केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता पाहावी. तेथेही दर तोच आहे. सरकारने मनात आणल्यास तो वाढविता येईल अशी मुभा तेवढी ठेवली आहे. नवीन म्हणून जे सांगितले जाते ते कौशल्यवृद्धी निधीचे कलम. त्यानुसार कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी पंधरा दिवसांचे वेतन, तेही एकदाच, जमा व्हावयाचे आहे. पंधरा दिवसांच्या पगारात सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने कोणता नवा धंदा शिकावा, हे संहिता सांगत नाही.

त्याच संहितेने दोन गोष्टी मात्र काढून घेतल्या. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, तीनशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू झाले होते. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली. नव्या संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली. नाशिकसारख्या ठिकाणी, जेथे मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणारे लहान-मध्यम कारखाने दाटीने उभे असतात, तेथे या फरकाचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगावयास नको. दुसरी गोष्ट पुनर्नियुक्तीची. जुन्या कायद्यात कारखानदाराने पुन्हा भरती काढली तर कपात झालेल्या कामगाराचा तेथे पहिला हक्क असे, आणि त्याला मुदत घातलेली नव्हती. आता तो हक्क एका वर्षाने संपतो. बारा महिने यंत्र बंद ठेवून तेराव्या महिन्यात नवी भरती केली, तर जुन्या कामगाराकडे पाहण्याचेही कारण उरत नाही.

नाशिकच्या संदर्भात या प्रश्नाला एक विशेष धार आहे. द्राक्षांचे आणि तीर्थयात्रेचे हे गाव कारखान्यांचे शहर झाले ते गेल्या साठ वर्षांत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. १९६४ साली ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. सातपूर आणि मागाहून अंबड येथे वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत कामाला आले ते दिंडोरी, निफाड, सिन्नरचे तरुण, आणि तितक्याच संख्येने जळगाव-धुळ्याकडचे खानदेशी तरुण. सिडकोच्या छोट्या घरांत त्यांनी संसार मांडले आणि पतपेढीचे कर्ज काढून एकेक खोली वाढविली. हा कामगार गावाकडची जमीन भावाच्या हवाली करून आलेला आहे. कारखाना सुटला की तो परत शेतावर जाईल, हे गृहीत आता खरे राहिलेले नाही. त्या जमिनीवर भावाचेच धड भागत नाही.

काम जाते ते बहुधा कामगाराच्या चुकीने नव्हे. मायको म्हणून नाशिककर आजही ज्याला ओळखतात त्या बॉशच्या सातपूर येथील कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होत आले. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली. मारुतीने त्याच वर्षी डिझेल मोटारी बंद करण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषण-नियम यावयाचे होते. बॉशने नाशिकसह काही कारखान्यांत उत्पादनबंद दिवस जाहीर केले, महिंद्रानेही तसेच केले. हवा स्वच्छ राहावी यासाठीचे नियम आवश्यकच होते, त्यांना कोणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. प्रश्न एवढाच की, सर्व समाजाला ज्या बदलाचा लाभ व्हावयाचा, त्याची किंमत विशिष्ट पेठेतल्या विशिष्ट यंत्रावरच्या माणसाने एकट्याने का मोजावी? उद्या विजेवरची वाहने वाढतील तेव्हा हाच प्रश्न इंजिनाच्या प्रत्येक सुट्या भागापाशी उभा राहणार आहे.

विशीतल्या तरुणाची बेकारी आणि पंचेचाळिशीतल्या माणसाची बेकारी यांत जातीचा फरक आहे. तरुणाला अजून काही मिळालेले नसते. प्रौढाजवळ जे असते तेच हिरावले जाते. त्याचे कौशल्य एका यंत्राशी, एका कारखान्याच्या पद्धतीशी जडलेले असते. शेजारच्या कारखान्यात तो अर्ज घेऊन जातो तेव्हा तेथे आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला, निम्म्या पगारावर येणारा मुलगा उभा असतो. सरकारी नोकरीची वयोमर्यादा तो केव्हाच ओलांडून गेलेला असतो. निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी मागितले तर दर वर्षामागे चार टक्के कपात. आणि पन्नाशीच्या आत काहीच नाही. मुलाचे महाविद्यालय, मुलीचे लग्न, आईचे औषधपाणी हे सारे खर्च मात्र नेमके याच वर्षांत येऊन ठेपलेले असतात. शेवटी तो ठेकेदाराच्या कचेरीत नाव नोंदवितो आणि पुष्कळदा त्याच वसाहतीत, तसल्याच यंत्रावर, किमान वेतनावर उभा राहतो. हात तेच, काम तेच. फक्त वीस वर्षांची ज्येष्ठता पुसून टाकलेली.

पैशाच्या पलीकडचेही नुकसान आहे. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातील कापड कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली तो प्रसिद्ध केला. बेकारांना वेळच वेळ होता. तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. माणसे रस्त्याने हळू चालू लागली. दिवसाला आकार उरला नाही. बेकारी माणसाला बंडखोर बनविते असे मानणाऱ्या समाजवाद्यांनाही या अभ्यासाने विचार करावयास लावले. कारण तेथे दिसली ती बंडखोरी नव्हे, खचलेपण होते. सकाळच्या पाळीच्या वेळेला सवयीने उठून बसणारा आणि शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून डबा घेऊनच घराबाहेर पडणारा माणूस नाशिकच्या कामगार वस्त्यांनाही अपरिचित नाही.

महाराष्ट्राने हे सर्व एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कोणी कोकणात गेले, कोणी घाटावर. कापडाचे उत्पादन भिवंडी, इचलकरंजी आणि नाशिक जिल्ह्यातीलच मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकले, जेथे कायम नोकरी हा शब्दच नव्हता. गिरण्यांच्या जमिनींचे मोल मात्र वाढत गेले. १९९१ च्या नियमावलीतील एकतृतीयांश वाटणी २००१ च्या बदलाने मोकळ्या जागेपुरती आकसली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कामगाराचे काम गेले, मालकाची जमीन राहिली. औद्योगिक वसाहतींतील भूखंडांच्या बाबतीत हा धडा आजच गिरविला पाहिजे.

आणखी एक विसंगती पाहण्यासारखी आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातील पगारदाराने थोडे द्यावे आणि त्यातून खेड्यातील हाताला काम मिळावे, हे तत्त्व उदात्त होते, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७७ साली कायद्यात रूपांतरित झाली आणि २००५ साली देशानेही तीच वाट धरली. सातपूरचा कामगार हा कर वर्षानुवर्षे भरीत आला. त्याने तो आनंदाने भरावा, असेच म्हटले पाहिजे. पण त्याचे स्वतःचे काम गेले त्या दिवशी त्याला मागता येईल अशी कोणतीही हमी राज्याने निर्माण केलेली नाही. कामगार विमा योजनेत बेकारी भत्त्याची तरतूद आहे. परंतु २०१७ साली ठरविलेल्या एकवीस हजार रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे वीस वर्षे नोकरी झालेला कायम कामगार बहुधा तिच्याबाहेरच पडतो. २०१८ च्या अटल योजनेतील भत्ता तर आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. घटनेच्या ४१ व्या कलमाने बेकारीत सार्वजनिक साहाय्य देण्याचा निर्देश राज्याला केला आहे. ब्रिटनने बेकारी विमा १९११ साली सुरू केला. तो देश तेव्हा श्रीमंत होता, हे उत्तर पुरेसे नाही. आज भारतातील मोठा उद्योगही गरीब राहिलेला नाही.

कारखानदारांचा युक्तिवाद असा की, माणसे कमी करण्याची मोकळीक नसेल तर ते माणसे घेणारच नाहीत. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. तंत्र बदलते, बाजार बदलतो, आणि प्रत्येक कारखाना कायम चालू ठेवणे समाजवादी राजवटीलाही साधणारे नाही. परंतु या मोकळिकीसाठी ज्या डेन्मार्कचा दाखला दिला जातो, तेथील व्यवस्थेला दुसरीही बाजू आहे : नोकरी गेलेल्याला दीर्घकाळ भरघोस भत्ता आणि सरकारी खर्चाने नव्या कामाचे शिक्षण. आपल्याकडे त्यातील पहिला अर्धा भाग आयात झाला आणि दुसरा बंदरावरच पडून राहिला. मोकळीक हवी असेल तर तिचे मोल द्यावे लागेल, इतकी साधी ही गोष्ट आहे.

कामगार चळवळीनेही आरशात पाहावयास हवे. कायम कामगारांचे करार करताना त्याच छपराखाली काम करणाऱ्या कंत्राटी मजुरांकडे पुष्कळ संघटनांनी पाठ फिरविली. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या तेव्हा रक्कम वाढवून घेण्यातच धन्यता मानली. ज्याने ‘स्वेच्छेने’ सही केली त्याची कायद्याच्या दृष्टीने कपात झालेलीच नसते, हे सांगणारे थोडे निघाले. हिशेब झाला की सभासदत्वही संपते. त्यामुळे माणसाला संघटनेची सर्वाधिक गरज ज्या दिवशी लागते, त्याच दिवशी त्याच्यासाठी तिचे दार बंद होते. उद्या तो कंत्राटी मजूर म्हणून परततो तेव्हा ज्या भिंतीच्या आत तो काल सुरक्षित होता, तीच भिंत त्याला बाहेर ठेवते.

मागण्या म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. नुकसानभरपाईचा दर पंधरा दिवसांवरून निदान पंचेचाळीस दिवसांवर न्यावा. त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही, संहितेने दिलेली अधिसूचनेची मुभा पुरेशी आहे. बेकारी भत्त्याला वेतनमर्यादेची अट नसावी आणि तो किमान एक वर्ष मिळावा. त्याचा भार मालक, कामगार व सरकार या तिघांनी उचलावा. पुनर्नियुक्तीच्या हक्काची एका वर्षाची मुदत रद्द व्हावी. आणि औद्योगिक वसाहतीतील भूखंडाचे हस्तांतर कामगारांची सर्व देणी चुकती झाल्याच्या दाखल्याविना मंजूर होऊ नये. सार्वजनिक हेतूने दिलेल्या जमिनीवर पहिला बोजा श्रमाचा असला पाहिजे. त्याचबरोबर संघटनांनी काम गेलेल्या सभासदाला सभासद म्हणूनच ठेवावे आणि कंत्राटी कामगाराला त्याच्या शेजारी बसवावे. ही शेवटची गोष्ट कोणत्याही सरकारच्या परवानगीवाचून उद्यापासून करता येण्यासारखी आहे.

मार्च १९४८ मध्ये याच नाशिकमध्ये भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. स्वराज्य आले, आता ते श्रमिकाच्या घरापर्यंत न्यावयाचे आहे, हा त्या निर्णयामागचा विश्वास होता. तो मार्ग बरोबर होता की चूक, यावर वाद होत राहतील. परंतु त्या शहराच्या वेशीवरील कारखान्यातून वीस वर्षांच्या सेवेनंतर दहा महिन्यांचा पगार घेऊन एखादा माणूस बाहेर पडतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ठेकेदाराच्या रांगेत उभा राहतो, तोवर ते काम अपुरेच आहे, याविषयी वाद असण्याचे कारण नाही.