हमी देणाऱ्याच्याच हाती तराजू

विजेवर चालणारी मोटार ही आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. प्राध्यापक, बँकांतील अधिकारी, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अभियंते अशा मंडळींनी गेल्या पाचसहा वर्षांत शिलकीस हात घालून किंवा कर्ज काढून या मोटारी घेतल्या. शासनानेही त्यांस उत्तेजन दिले. १ ऑगस्ट २०१९ पासून या वाहनांवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली नवे विद्युत्-वाहन धोरण आणले आणि त्याच वर्षी अटल सेतूवर अशा मोटारींस टोल माफ झाला. परंतु करसवलत आणि टोलमाफी यांपेक्षाही मध्यमवर्गीय माणसास खरा धीर दिला तो एका छापील अभिवचनाने. बॅटरीस आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत हमी! मोटारीच्या किमतीचा फार मोठा वाटा एकट्या बॅटरीचा असतो. ती आठ वर्षे निर्धास्त, मग बाकीच्याची चिंता कशाला, असा हिशेब घरोघर मांडला गेला. २०२० व २०२१ साली घेतलेल्या मोटारींची ही हमी आता उत्तरार्धात आली आहे, आणि त्या अभिवचनाचे मोल काय, हे कळण्याचे दिवस सुरू झाले आहेत.

तक्रारींचे स्वरूप बहुधा एकच असते. मोटार नवी होती तेव्हा ती पुण्याहून साताऱ्यास जाऊन त्याच दमात परत येत असे. आता साताऱ्यास पोचल्याबरोबर चार्जर शोधावा लागतो. गृहस्थ अधिकृत विक्रेत्याकडे जातात. गाडी दोन दिवस ठेवून घेतली जाते, संगणकास जोडली जाते आणि तिसऱ्या दिवशी हसतमुखाने सांगण्यात येते की, सारे काही 'नॉर्मल' आहे. किती नॉर्मल, असे विचारले तर आकडा मिळत नाही. कागद मागितला तर सिस्टिममधून प्रिंट निघत नाही. फारच आग्रह धरला तर उलट ग्राहकाचीच तपासणी सुरू होते. जलद चार्जिंग किती वेळा केले? पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली होती काय? बाहेरच्या दुकानातून दिवे किंवा कॅमेरा बसवून घेतला काय? अमुक एक सर्व्हिसिंग दोन आठवडे उशिरा का झाले? ज्या जलद चार्जिंगची मोठमोठ्या अक्षरांत जाहिरात करून मोटार विकली, तेच जलद चार्जिंग हमीच्या वेळी ग्राहकाचा अपराध ठरावे, हा न्याय आम्हांस तरी अजब वाटतो. अखेरीस 'कंपनीला कळवले आहे, मंजुरी आली की फोन करू' असे आश्वासन मिळते आणि गृहस्थ घरी येतात. तो फोन येत नाही.

विक्रेत्यास एकट्यास दोष देणे मात्र योग्य होणार नाही. बॅटरी त्याने बनविलेली नसते, बदलून देण्याचा अधिकारही त्याचा नसतो. कंपनीची मंजुरी आल्याखेरीज त्याने काम केले आणि मागाहून कंपनीने दावा फेटाळला, तर खर्च त्याच्या अंगावर पडतो. साहजिकच दावा दाखल करण्यापेक्षा ग्राहकास वाटेला लावणे त्याच्या सोयीचे असते. गाडी विकताना तो कंपनीचा प्रतिनिधी असतो. हमी मागितली की तो स्वतंत्र व्यापारी होतो.

या वादाचे मर्म समजण्यासाठी बॅटरी झिजते म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. लिथियमच्या बॅटरीची साठवणशक्ती दोन वाटांनी घटते: एक, भरणे आणि रिती करणे यांच्या फेऱ्यांनी, दुसरी, नुसत्या वयाने. उष्णता दोहोंची गती वाढविते. ही झीज अटळ आहे हे कंपन्याही जाणतात, म्हणूनच हमीपत्रात बहुधा एक रेषा आखलेली असते. मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांखाली बॅटरी गेली तरच हमी लागू! बहात्तर टक्के असेल तर तो नैसर्गिक झिजेचा भाग आणि एकोणसत्तर असेल तर दोष. म्हणजे दोनतीन टक्क्यांच्या फरकावर काही लक्ष रुपयांचा निकाल लागणार. आणि तो टक्का मोजणे सोपे नाही. बॅटरीच्या पोटात बसविलेले एक संगणकीय नियंत्रक मंडळ विद्युत्प्रवाह, दाब आणि तापमान यांवरून तो अदमासाने काढते. हल्ली आपल्याकडे रूढ झालेल्या लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत तर भरलेल्या अवस्थेपासून बऱ्याच खालपर्यंत दाब जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे शिल्लक किती याचा अंदाज अधिकच अवघड होतो. हे गणित कंपनीने लिहिलेले असते, ते वाचण्याचे यंत्र कंपनीचे असते, ते चालविणारा माणूस विक्रेत्याचा असतो. ज्याने पैसे द्यायचे, त्याच्याच हाती तराजू!

किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. रिक्षाचे मीटर तपासून घ्यावे लागते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, आणि कोणीही ग्राहक त्यात पेट्रोल मोजून दाखविण्यास सांगू शकतो. बहुतेक जण सांगत नाहीत. पण ते माप तेथे आहे, एवढ्यानेच बराचसा प्रामाणिकपणा टिकून राहतो. पाच रुपयांच्या कोथिंबिरीच्या वजनास सरकारी शिक्क्याचा आधार आणि पाचसात लाखांच्या बॅटरीच्या मोजमापास मात्र कंपनीचा शब्द, ही विसंगती आमच्या धोरणकर्त्यांस जाणवू नये, हे आश्चर्य आहे. वाद बॅटरीचा दिसतो, पण तो वस्तुतः मापाचा आहे.

हा प्रश्न इतर देशांत आधी उभा राहिला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराच्या उन्हात, २०१२ साली निसान कंपनीच्या 'लीफ' मोटारींची क्षमता अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरू लागली. त्या मोटारींच्या बॅटरीस थंड ठेवण्याची स्वतंत्र यंत्रणा नव्हती. मालकांनी आपल्या मोटारी एकत्र आणून, एकाच रस्त्यावर धावडवून, स्वतःच मोजमाप केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीस पाच वर्षे अथवा साठ हजार मैलांपर्यंत क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली: बारा रेघांपैकी नऊ रेघांखाली क्षमता गेली तर दुरुस्ती किंवा बदली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या मोटारीच्या दर्शनी फलकावरच क्षमतेच्या त्या बारा रेघा होत्या. रेघ गेलेली मालकास डोळ्यांनी दिसत होती. म्हणून त्याचा दावा उभा राहू शकला. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा फीनिक्सच्या उन्हाळ्याहून फारसा सौम्य नाही, हे विदर्भातील वाचकांस सांगावयास नको.

पुढे नियमही झाले. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत मोटारीच्या बॅटरीची क्षमता पाच वर्षे किंवा एक लक्ष किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७२ टक्के टिकली पाहिजे, असे बंधन आहे. कॅलिफोर्नियाने तर २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीचे आरोग्य मालकास मोटारीतच, कोणतेही यंत्र न जोडता, पाहता आले पाहिजे असा नियम केला. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरी पेटल्या, त्यांत पुण्यातील एक घटनाही देशभर गाजली, आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक झाले. ते योग्यच झाले. परंतु आग सर्वांस दिसते, झीज दिसत नाही. म्हणून तिच्याकडे तितक्या तातडीने कोणी पाहिले नाही.

मग ज्याची बॅटरी आज झिजली आहे त्याने काय करावे? 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या मध्यमवर्गाने फारच मनावर घेतली आहे, आणि तिचा लाभ नेहमी समोरच्यासच होत आला आहे. वस्तुतः २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २०२० च्या जुलैत अमलात आला, या बाबतीत बराच ग्राहकाच्या बाजूचा आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पंधरा लाखांच्या मोटारीस फी चारशे रुपये. उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात तर असे स्पष्ट म्हटले आहे की, स्पष्ट शब्दांत दिलेल्या हमीशी वस्तू जुळत नसेल, तर ती हमी देताना आपण निष्काळजी किंवा लबाड नव्हतो, असे सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही. आणि दोष परीक्षेवाचून ठरविता येत नसेल, तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मोटारींची परीक्षा करणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यातच आहे. कंपनीच्या तराजूस पर्याय म्हणून कायद्याने दिलेला हा एकच तराजू. तक्रारअर्जातच त्याची मागणी करावी.

मात्र हे सारे कागदावर अवलंबून आहे. प्रत्येक फेरीत जॉब कार्ड घ्यावे आणि त्यावर 'जनरल चेकअप' असे लिहू न देता आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी: पूर्ण चार्ज केल्यावर किती किलोमीटर, वातानुकूलन चालू की बंद, कोणत्या तारखेस. घरच्या किंवा बाहेरच्या चार्जरवर किती युनिटे भरली, त्याची नोंद ठेवावी. शून्याजवळून शंभरापर्यंत भरताना लागणारी युनिटे वर्षागणिक कमी होत गेली, तर तो पुरावा कंपनीच्या संगणकाबाहेरचा असतो. क्षमतेचा टक्का लेखी मागावा आणि नकार मिळाला तर नकारही लेखी मागावा. तोंडी नकार हा विक्रेत्याचा सर्वांत मोठा आधार आहे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. 'मंजुरी येईल' या आशेवर वर्षदीड वर्ष निघून जाते, ते फुकट जात नाही. ते मुदतीतून जाते.

आणखी एक खबरदारी. तक्रार विक्रेता आणि कंपनी या दोघांविरुद्ध करावी. गोव्यातील एका ग्राहकास जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून विकली गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, उत्पादक आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर उत्पादकास माहिती होती असे सिद्ध झाल्यावाचून विक्रेत्याच्या कृत्यासाठी त्यास जबाबदार धरता येणार नाही. बॅटरीची हमी ही मुळात कंपनीची स्वतःची असल्याने तेथे कंपनीस हात झटकता येत नाहीत. पण नकार विक्रेत्याने दिला, आम्हांस दावाच मिळाला नाही, असे म्हणण्यास तिला जागा राहू देऊ नये. प्रत्येक पत्राची प्रत कंपनीकडेही पाठवावी.

कायद्याने निकालास तीन महिने आणि प्रयोगशाळेची परीक्षा लागल्यास पाच महिने अशी मुदत घातली आहे. ती कितपत पाळली जाते, हे आयोगांच्या रिकाम्या खुर्च्या पाहिलेल्यांस ठाऊक आहे. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेथे ग्राहकाने आजही तारखांमागून तारखा मोजाव्यात, याची खंत शासनास वाटली पाहिजे. आणि या काळात मोटार उभी ठेवता येत नाही म्हणून कोणी पदरचे पैसे घालून बॅटरी बदलून घेतलीच, तर पाच टक्के कराने घेतलेल्या मोटारीच्या सुट्या बॅटरीवर त्यास अठरा टक्के कर भरावा लागतो!

शासनाच्या हाती बरेच आहे. मोटार वाहन नियम केंद्राचे, हे खरे. पण सवलती राज्याच्याही आहेत. करमाफी, टोलमाफी मिळविणाऱ्या प्रत्येक मॉडेलच्या फलकावर बॅटरीची उरलेली क्षमता मालकास टक्क्यांत दिसली पाहिजे आणि हमी नाकारताना विक्रेत्याने तो टक्का, तारीख व कारण लिहून दिले पाहिजे, एवढी अट राज्याने आपल्या धोरणात घालावी. केंद्राने क्षमतेची किमान रेषा नियमाने ठरवावी आणि ती मोजण्याची पद्धत एआरएआयसारख्या तटस्थ संस्थेकडे सोपवावी. दरम्यान, २०२५ पासून काही कंपन्यांनी बॅटरीस 'लाइफटाइम' हमी देऊ केली आहे. त्यातील एका जाहिरातीच्या बारीक अक्षरांत 'लाइफटाइम' म्हणजे नोंदणीपासून पंधरा वर्षे, आणि तीही पहिल्या मालकापुरती, असा अर्थ दिलेला आहे. आजीवन या शब्दाचा हा कोश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकदा उघडून पाहावा, आणि पंधराव्या वर्षी ती क्षमता कोण मोजणार, हे कंपन्यांस आताच विचारून ठेवावे.