अंगावर पित्त उठतं तेव्हा

नेसरी परिसरात काजू मोहरला, ऊसतोड सुरू झाली की मधमाशीचा डंख आणि अंगावर उठणारं पित्त नवं नसतं. म्हणून या अंकाचा विषय आहे या पित्तामागच्या मास्ट पेशी. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये नाव दिलेल्या या पेशी त्वचा, श्वासनलिका, आतडी अशा वेशीवरच तैनात असतात आणि धोका जाणवताच हिस्टामिन हे रसायन सोडतात. त्यांना नुसतं अ‍ॅलर्जीचं मूळ म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत मधमाशीच्या आणि सापाच्या विषाची धार त्यांनीच कमी केली. मात्र त्यांचा उद्रेक सर्वांगात झाला तर रक्तदाब कोसळतो. तिथे लेप नव्हे, अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. डंखानंतर दम लागला, चक्कर आली तर तडक दवाखाना गाठा. आणि तुमचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.