उत्तरपूजा न करताच विसर्जन

मंडळी, या वीकेंडला जरा भांडण करायचंय. "एलिमेंट रिमूव्ह केला ना? मग बाकीचं गार्बेज कलेक्टर बघेल." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सरळ सांगतो, हा आळस आहे.

गार्बेज कलेक्टर एवढंच बघतो, की या वस्तूला अजून कुणी धरून बसलंय का. तुमच्या वेब कंपोनंटने विंडोवर रिसाइझचा लिसनर टाकला आणि त्या फंक्शनमध्ये 'धिस' आलं, की विंडोने त्याला धरलंच. पानावरून तो गेला तरी मेमरीत तो, त्याचा शॅडो रूट, आतलं सगळं बिऱ्हाड तसंच. सेटइंटरव्हलचं तेच. स्वतःच्या अंगावर लावलेले लिसनर एलिमेंटबरोबर जातात, त्यांचा त्रास नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्याच्या दारात जाऊन लावलेल्यांचा.

मी पेणचा, त्यामुळे मला गणपतीच सुचणार! प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनाआधी उत्तरपूजा असते. अक्षता वाहायच्या, मूर्ती जागेवरून किंचित हलवायची, मग उचलायची. कनेक्टेडकॉलबॅकमध्ये जे मांडलंत ते डिस्कनेक्टेडकॉलबॅकमध्ये आवरायचं, इतकं सोपं आहे हे.

आणि मूर्ती कशाची? शाडू पाण्यात विरघळतो, पीओपी तसाच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित नियमावलीत पीओपीला बंदी सुचवली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही असं बजावलं. म्हणजे बनवा खुशाल, पण नंतर त्याचं काय, हे आधी ठरवा. (आमच्या गावच्या कारखानदारांची पोटं यावर आहेत हे मला माहीत आहे, तो वाद इथे नको.)

आता रोह्याला चला. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने ऑर्डरी दाखवायला काउंटरवर स्वस्तातला टॅबलेट ठेवलाय. सकाळी लावला की रात्रीच बंद. दुपारी तीनपर्यंत तो रखडायला लागतो. प्रत्येक ऑर्डरच्या कार्डाला सेकंदाचा टायमर, ऑर्डर गेली, कार्ड गेलं, टायमर मात्र चालूच! सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर काय, तर "काका, नवीन टॅब घ्या." आपल्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवर हे कधी दिसतच नाही. पैसे जातात ते काकांचे.

"फ्रेमवर्क करतं की सगळं." नाही करत. फ्रेमवर्क तुमचा एलिमेंट काढतं. तुम्ही डॉक्युमेंटवर काय चिकटवून ठेवलंय ते त्याला कसं कळणार? पूर्वी प्रत्येक क्लिकला पान नव्याने यायचं आणि बरीचशी घाण आपोआप धुतली जायची (आयई ६ सोडून, ते प्रकरणच वेगळं). आता तेच पान दिवसभर उघडं असतं.

बरं, आवरणारेही गंमत करतात. लिसनर लावताना बाइंड, काढताना पुन्हा बाइंड. बाइंड दर वेळी नवीन फंक्शन देतो, त्यामुळे काहीच निघत नाही आणि ब्राउझर एररही देत नाही. त्यापेक्षा कनेक्ट होताना एक अॅबॉर्टकंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल सगळ्या लिसनरना द्या, जाताना एकदा अॅबॉर्ट. टायमर मात्र वेगळा बंद करावा लागतो. आणि ही मांडामांड कन्स्ट्रक्टरमध्ये नको. एलिमेंट एका डब्यातून उचलून दुसऱ्यात टाकला तरी आधी डिस्कनेक्टेड, मग कनेक्टेड चालतो. कन्स्ट्रक्टर परत चालत नाही, मग हललेला कंपोनंट मुका होऊन बसतो.

माझ्याकडे रिव्ह्यूला कंपोनंट आला की मी तो शंभर वेळा पानावर टाकतो, शंभर वेळा काढतो, क्रोममध्ये हीप स्नॅपशॉट घेतो आणि फिल्टरमध्ये 'डिटॅच्ड' टाइप करतो. शंभर भुतं दिसली की कोड परत. टीममध्ये मला खडूस म्हणतात. म्हणू देत.