एचआयव्ही कायदा: तक्रारच नाही, तर कारवाई कशी?

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते. रक्ताचा अहवाल येतो आणि ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात जा’ असे सांगितले जाते. खरे कारण कागदावर येत नाही. एचआयव्हीबाधित म्हणून असा नकार देणे बेकायदा आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला. उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचे घर यांत भेदभावाला त्याने मनाई केली.

अंमलबजावणीची मुख्य जबाबदारी राज्य सरकारवर आहे. राज्याने लोकपाल, म्हणजे ‘ओम्बुड्समन’, नेमायचा असतो. त्याच्याकडे कोणीही तक्रार करू शकते. निर्णय ३० दिवसांत, तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो २४ तासांत द्यायचा असतो. आदेश न पाळल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, त्यानंतरही टाळाटाळ केल्यास दिवसाला आणखी ५ हजारांपर्यंत. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारीही हवा.

अडचण अशी की ही यंत्रणा तक्रारीवर चालते, आणि तक्रार करायची म्हणजे आजार उघड होण्याची भीती. लेखी पुरावा नसतो, ऐन आजारपणात भांडायचे बळही नसते. त्यामुळे तक्रारी कमी आल्या म्हणजे भेदभाव कमी झाला, असे म्हणता येत नाही.

नकारामागे कर्मचाऱ्यांची भीतीही असते. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. सुई टोचल्यावर ७२ तासांच्या आत सुरू केलेली २८ दिवसांची औषधे एचआयव्हीचा धोका आणखी कमी करतात. शिवाय संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून हातमोजे आणि इतर खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी घ्यायची असते. ही साधने, प्रशिक्षण आणि औषधे कर्मचाऱ्यांना पुरवणे याच कायद्याने बंधनकारक केले आहे.

तक्रारीची वाट न पाहता राज्याने रुग्णालयांत या तरतुदी तपासल्या, तर नकाराचे निमित्तच उरणार नाही. तोवर रुग्णाने किंवा नातेवाइकाने नकाराचे कारण लेखी मागावे. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही माहिती मिळते.